मिनिटाला बेचाळीस

“घाबरू नगंस बाई. तुझ्या अण्णाला ह्याच मॅडमनी झोपवलं व्हतं. लई शांत झोपले बघ.”

डॉक्टर लुंबिनी सोनकांबळेचं बोट त्या वेळी महानंदाच्या पाठीवर होतं. कमरेच्या दोन मणक्यांमधली फट ते चाचपत होतं, कारण तासाभराने तिथेच भुलेची सुई घालायची होती. लातुरातल्या एका लहानशा प्रसूतिगृहाचा पहिला मजला, दुपारचे बारा, हिरव्या पडद्यातून आत आलेलं पाणचट ऊन, खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेली नऊ महिन्यांची पोटुशी आणि तिच्या फायलीवर लिहिलेलं, लग्नाला आठ वर्षं, पहिली खेप. सगळं रोजच्यासारखं होतं. मग मागून ती तीन वाक्यं आली आणि बोट जागच्या जागी थांबलं. आवाज ओळखीचा होता असं म्हणता येणार नाही. सात वर्षांत तो तिला एकदाही आठवला नव्हता. आठवत होते ते नुसते शब्द, ‘लई शांत झोपले’, आणि ते मनात येत तेव्हा कुणाच्याच आवाजात येत नसत. ते कागदावर छापल्यासारखे येत.

तिने वळून पाहिलं. महानंदाची आई पार्वतीबाई हात जोडून उभी होती. बाई वाळली होती, कपाळ मोकळं होतं, पण डाव्या भुवईतली चीर तीच होती. “वळखलं का, मॅडम? नांदेडला. अहमदपूरचे मार्तंड गुरुजी. किडनीचे.” लुंबिनीने मान हलवली. महानंदाने तेवढ्यात मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दोन दिवस न झोपलेले तिचे डोळे एकदम सैल झाले. “मग मला बी तसंच झोपवा ना, मॅडम,” ती म्हणाली. “अण्णावानी.”

“तुम्हाला जागंच ठेवायचंय,” लुंबिनी म्हणाली. “कमरेखाली फक्त बधिर करणार. श्वास तुमचा तुम्हीच घ्यायचा.” शेवटचं वाक्य ती प्रत्येक बाईला सांगत असे. बाळंतिणींना त्याचा अर्थ लागत नसे आणि त्या हसत. महानंदाही हसली.

श्वास तुमचा तुम्हीच घ्यायचा. गेली सात वर्षं लुंबिनीने याच एका वाक्यावर आपली डॉक्टरकी चालवली होती. नांदेड सोडून ती लातूरला आली ती अतिदक्षता विभागाचं काम पुन्हा करायचं नाही असं ठरवूनच. सिझरची, हाडांची, मूळव्याधीची, जिथे माणूस जागा राहतो आणि छाती आपली आपण वरखाली होत राहते, तेवढीच कामं ती घेई. विचारलंच कुणी तर सांगे, वडील थकलेत, रात्री-अपरात्री जमत नाही. वडील थकले नव्हते. मारोती सोनकांबळे मुखेडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, आता लेकीजवळ राहत आणि रविवारी विहारात पोरांना आनापान शिकवत. श्वास आहे तसा बघायचा, ते सांगत. लांब करायचा नाही, तोकडा करायचा नाही, तो येतोय, जातोय, आपण फक्त दारात बसलोय. सुरुवातीला लुंबिनीनेही पोरांमागे मांडी घालून बसून पाहिलं. तिला ते जमलं नाही. ती दारात बसली की आतलं कुणीतरी चालता चालता थांबे. आपण बघतोय हे कळल्यासारखं थांबे, आणि मग तिला मुद्दाम श्वास घ्यावा लागे, एक, मग दुसरा, आणि वाटे की आता आपण लक्ष काढून घेतलं तर तिसरा येणार नाही. त्याउलट दुसऱ्यांचे श्वास मात्र तिला न बघताही दिसत. औशाच्या बसमधे पुढच्या सीटवरचा माणूस, मिनिटाला सोळा. केळीवाली, वीस. दुपारी वडील आरामखुर्चीत डुलकी घेत, बारा, कधी अकरा, आणि दोन श्वासांच्या मधली ती जागा एखाद्या दिवशी इतकी लांबे की लुंबिनी हातातलं भांडं तसंच धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राही. घरात आवाज नसे. मग त्या जागेत, वडिलांच्या नव्हे, भिंतीपलीकडच्या छातीतून एक श्वास ऐकू येई. खोल, पोटापासून उपसलेला, घाईचा. मागोमाग दुसरा. पलीकडे कुणी राहत नव्हतं, जिना होता. ती कधी बघायला गेली नाही. मोजायची तेवढी. बेचाळीस.

मार्तंड गुरुजी मिनिटाला बेचाळीस श्वास घेत होते. नांदेडच्या त्या खासगी दवाखान्यात सकाळी अकराला त्यांना आणलं. डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकलेल्या होत्या, मधे ताप येऊन गेला होता. खाटेवर ते पडलेले नव्हतेच. दोन्ही हात मागे टेकवून बसले होते, नाकपुड्या फुललेल्या, गळ्याच्या शिरा ताठ, एखादा माणूस अहमदपूरपासून पळत आल्यासारखे. पण डोळे घाबरलेले नव्हते, कामात असलेल्या माणसाचे होते. त्यांना एक शब्द बोलायचा तर एक श्वास खर्च होई, म्हणून ते बोलत नव्हते. मनगटातल्या धमनीतून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट अरुंद, गुळगुळीत कागदाच्या पट्टीवर बाहेर आला. रक्ताच्या आम्लतेचा आकडा, पीएच, सहा पूर्णांक अठ्ठ्याण्णव. लुंबिनी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, एमडी होऊन वर्ष झालेलं, आणि या आकड्याचा अर्थ तिला पाठ होता. माणसाचं रक्त एका फार अरुंद वाटेवरून चालतं. सात पूर्णांक पस्तीस ते पंचेचाळीस, बस, तेवढीच रुंदी; आकडा जितका खाली, तितकं रक्त आंबट. आपण खातो, चालतो, नुसतं जगतो, त्या प्रत्येक गोष्टीतून रक्तात आंबटपणा पडत राहतो, आणि तो बाहेर काढायला शरीराला दोन दारं आहेत. एक मूत्रपिंडांचं, ते सावकाश, दिवसांच्या हिशेबाने उघडतं. दुसरं फुफ्फुसांचं. ते काही मिनिटांत उघडतं, कारण आम्लाचा एक भाग वायू होऊन उच्छ्वासावाटे निघून जातो. पहिलं दार बंद पडलं की शरीर कुणाला न विचारता दुसरं सताड उघडतं. माणूस जोरजोरात श्वास घेऊ लागतो. बघणाऱ्याला वाटतं हा गुदमरतोय. तो गुदमरत नसतो, तो उपसत असतो.

हे सगळं तिला पाठ होतं. तिने ते परीक्षेत लिहिलं होतं.

डायलिसिसचं यंत्र चार वाजता मोकळं होणार होतं. तोवर गुरुजी थकतील, फोनवर वरिष्ठ म्हणाले, नळी टाकून श्वासाच्या यंत्रावर घे. आणि पार्वतीबाई पायाशी उभी होती. ती रडत नव्हती. नवऱ्याची पोटरी दाबत होती, जणू त्यांचे पायच दुखत होते. “सकाळपासून असंच करून राहिले, मॅडम,” ती म्हणाली. “बघवत न्हाई. जरा इसावा द्या ना त्यांना. झोपवा जरा.” लुंबिनीलाही बघवत नव्हतं. ती मास्क घेऊन जवळ गेली तेव्हा गुरुजींनी मान हलवली. नाही. एकदाच, श्वासाचा ताल न मोडता. तिने ते भीती म्हणून घेतलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “काही होत नाही, काका. आता तुम्ही आराम करा, श्वास यंत्र घेईल.” मग भूल, मग स्नायू सैल करणारं औषध. गुरुजींची छाती थांबली. नळी पहिल्याच खेपेला बसली. यंत्रावर तिने रोजच्या हाताने रोजचे आकडे लावले, मिनिटाला चौदा.

ती शांतता लुंबिनीला अजून जशीच्या तशी आठवते. खोलीतला तो उपसण्याचा आवाज गेला. सगळ्यांचे खांदे खाली आले. सिस्टरने पंख्याची गती कमी केली. पार्वतीबाईने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, तो चेहरा खरोखरच सुखी दिसत होता. यंत्र चौदा श्वास देत होतं, नीटनेटके, सारखे. आणि त्या गुळगुळीत शांततेच्या खाली दुसरं दार लोटलं गेलं होतं, त्याला कडी लागली होती, आणि रक्त चढत चाललं होतं आंबटपणाला, मिनिटामिनिटाने, एका न हलणाऱ्या देहात, ज्याला आता मान हलवूनही नाही म्हणता येत नव्हतं. बावीस मिनिटांनी मॉनिटरवरची हृदयाची रेषा रुंद झाली, मग संथ झाली. एक वाजून वीस मिनिटांनी सगळं संपलं. दरम्यान काढलेल्या रक्ताची पट्टी नंतर आली. पीएच सहा पूर्णांक एकाहत्तर. उच्छ्वासावाटे जायचा तो कर्बवायू चाळीस, आणि चाळीसच्या पुढे यंत्राने, त्याच्या नियमाप्रमाणे, छापलं होतं, नॉर्मल.

कुणी काही विचारलं नाही. किडनीचा जुना रोगी, रक्तात जंतू, इतकी आम्लता, असे जातातच. वरिष्ठांनी पाठीवर थोपटलं. पार्वतीबाई निघताना पाया पडायला वाकली. लुंबिनी मागे सरली तर तिने हात धरला आणि म्हणाली, लई शांत झोपले. पट्टी लुंबिनीने खिशात घातली. पुढे ती एका पुस्तकात ठेवली, लातूरला येताना सोबत आणली. तो उष्णतेवर छापणारा कागद, त्यावरचं काही टिकत नाही. पहिल्या वर्षी आकडे तपकिरी झाले, तिसऱ्या वर्षी ‘नॉर्मल’ तेवढं उरलं, आता पट्टी कोरी आहे. ती कोरी झाली त्या दिवशी लुंबिनीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, आता ही गोष्ट माझ्याशिवाय कुठेच नाही. आणि मग नेहमीचा प्रश्न: ती मान कुणी हलवली? घाबरलेल्या माणसाने, की त्याच्या रक्ताने? अहमदपूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या त्या माणसाला आम्ल आणि दारं काय ठाऊक. पण त्याच्या आत ज्याला ठाऊक होतं, जो सकाळपासून एकटा खिंड लढवत होता, तो त्या एका क्षणाला वर आला, मानेपर्यंत आला आणि नको म्हणाला. आणि आपण त्याला काका म्हटलं.

एक वाजता महानंदाला आत घेतलं. सुई पहिल्याच खेपेला गेली. पडद्याच्या अलीकडे लुंबिनी तिच्या डोक्याशी स्टुलावर बसली, पलीकडे डॉक्टर राजश्री, इथल्या मुख्य डॉक्टर, काम करत होत्या. महानंदाचे श्वास बावीस. पोटुशी बाई नेहमीपेक्षा खोल श्वास घेते, दोघांचं उपसायचं असतं, आणि तिच्या रक्ताला त्याची सवय होते. लुंबिनी त्या श्वासांकडे बघत होती आणि तिच्या लक्षात आलं की नाकपुड्या बापाच्या आहेत. “मॅडम,” महानंदा छताकडे बघत म्हणाली, “अण्णा शेवटी काही बोलले का? आई सांगती, झोपेतच गेले म्हणून. मला यायला उशीर झाला. औशाहून निघाले, बस अहमदपूरला बंद पडली.”

“बोलायला श्वास पुरत नव्हता त्यांना,” लुंबिनी म्हणाली.

“मंजी त्रास व्हता?”

“काम करत होते,” तिच्या तोंडून गेलं. महानंदाने डोळे वळवून वर पाहिलं, तिला उलटा दिसणारा लुंबिनीचा चेहरा ती वाचू पाहत होती. पण तेवढ्यात पोट हललं, पडद्यापलीकडे पाणी वाहिल्याचा आवाज झाला आणि मुलगी झाली. मुलगी लगेच रडली नाही. सात-आठ सेकंदच, पण तेवढ्यात लुंबिनी उठून उभी राहिली होती. मग बाळाने पहिला श्वास घेतला आणि ते ओरडलं. महानंदा रडायला लागली, राजश्री हसल्या. लुंबिनी पुन्हा बसली.

पाचच्या सुमाराला ती पहिल्या मजल्यावर आली. महानंदा झोपली होती, बाळ काचेच्या पाळण्यात होतं. पार्वतीबाई बाहेर पाण्याच्या यंत्राशेजारच्या बाकावर एकटीच, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. जावई पेढे आणायला गेला होता. लुंबिनीला पाहून ती सरकली. “बसा, मॅडम. नातीचं नाव तुम्हीच सुचवा.” लुंबिनी बसली. मग पार्वतीबाई पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत, समोर बघत म्हणाली, “एक इचारू का? कदी कदी मनात येतं. मीच म्हणलं व्हतं झोपवा म्हणून. तुम्ही तयार नव्हता, मीच मागं लागले. नसतं म्हणलं तर?” आणि ती हसली, आपण काहीतरी येडपटासारखं बोललो असं वाटून. पण बंद गुंडाळायचा थांबला होता.

तेव्हा लुंबिनीला कळलं की ही बाई सात वर्षांपूर्वी आभार मानत नव्हती. ती विचारत होती. आज बारा वाजताही तिने विचारलंच होतं. उत्तर तयार होतं, डॉक्टरांच्या तोंडी ते कायम तयार असतं: तुमचं काही चुकलं नाही, त्यांची वेळ झाली होती. तेवढं म्हटलं असतं तर बाई निवांत झाली असती, आणि अर्धं तर खोटंही ठरलं नसतं. लुंबिनीने तोंड उघडलं.

“मावशी, तुमच्या म्हणण्यानं काही झालं नाही. माझ्यामुळं झालं.”

तिने सांगितलं. सोप्या शब्दांत, न थांबता, दारांसकट. ते श्वास म्हणजे त्रास नव्हता, औषध होतं. बेचाळीस होते, मी चौदा लावले. निदान पस्तीस तरी लावायला हवे होते. त्यांनी मान हलवली होती, तीही मी पाहिली होती. पार्वतीबाई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तिने विचारलं, “जगले असते?”

“माहीत नाही. कदाचित त्याच दिवशी गेले असते. कदाचित नसते. चार वाजेपर्यंत मात्र पोचले असते असं मला वाटतं. चारला डायलिसिसचं यंत्र मोकळं होणार होतं.”

“चारला,” पार्वतीबाई म्हणाली. “चारला महानंदा आली व्हती.”

मग तिने पिशवी बाजूला ठेवली, दोन्ही हात मागे बाकावर टेकवले आणि श्वास घ्यायला लागली. लुंबिनीला आधी कळलंच नाही. पोटापासून, नाकपुड्या फुलवून, आत, बाहेर, आत, बाहेर. गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या, ओठ विलगले. तोच आवाज होता. भिंतीपलीकडचा. त्यात एका कणाचा फरक नव्हता. सकाळी सहापासून नवऱ्याची पोटरी दाबत बसलेल्या बाईने तो अंगात साठवून ठेवला होता. डोळे लुंबिनीवर रोखलेले. “असंच ना?” मधल्या एका श्वासावर ती म्हणाली. “हेच ना? हेच बंद केलं ना?” आणि पुन्हा. पाण्याच्या यंत्राशी आलेली एक बाई तांब्या घेऊन उभी राहिली आणि निघून गेली. लुंबिनी मोजत होती. तिला माहीत होतं काय होणार. धडधाकट माणसाने असं उपसलं तर रक्त वाटेच्या दुसऱ्या कडेला जातं, आंबटपणा गरजेपेक्षा कमी होतो. ओठांना मुंग्या येतात, मग बोटं. एक मिनिट गेलं. तिने पार्वतीबाईला थांबवायला हवं होतं, साधी गोष्ट, खांद्यावर हात ठेवून सावकाश म्हणायचं. हात उचलेना. कुणाच्या छातीला सावकाश म्हणायचं धाडस तिच्यात उरलं नव्हतं. दुसरं मिनिट गेलं. पार्वतीबाईचा उजवा हात बाकावरून उठला, आणि तिने तो स्वतःच नवल वाटून समोर धरला. अंगठा आत वळला होता, बोटं ताठ होऊन टोकाशी जुळली होती, घास घेताना जुळतात तशी. ती उघडायला गेली. उघडेनात. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भीती आली, आणि श्वास आणखी वाढला.

“मावशी,” लुंबिनी म्हणाली. तो हात तिने आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला. थंड होता, लाकडासारखा. “मावशी, आता पुरे. आता सोडायचा श्वास, सावकाश. हे वेगळं आहे. आता सावकाशच घ्यायचा.” आपल्याच आवाजावर तिचा विश्वास बसत नव्हता. पार्वतीबाई तिच्याकडे बघत होती, हिचं ऐकायचं का, याचा विचार करत होती, आणि तो विचार तिने पुरता केला. मग एक श्वास लांबला. मग दुसरा. लुंबिनी मोजत राहिली, मोठ्याने नाही. चौतीस. सव्वीस. वीस. जिन्यावरून कुणीतरी हसत वर आलं आणि दुसऱ्या खोलीत गेलं. बोटं सुटायला सात-आठ मिनिटं लागली, एकेक करून, आधी करंगळी.

सगळी बोटं सुटल्यावर पार्वतीबाईने हात काढून घेतला. पदर नीट केला, पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

“हिला सांगू नका,” ती खोलीच्या दाराकडे बघत म्हणाली.

“नाही सांगत.”

“उद्या तपासायला कोण येनार?”

“मीच.”

“दुसरं कुणी न्हाई?”

“नाही. इथं भुलेला मी एकटीच आहे.”

पार्वतीबाई दाराकडेच बघत राहिली. आत बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं.

“मग या,” ती म्हणाली. “तिच्याशी बोला. माझ्याशी नगं.”